पांढरी कुठे थांबली

भिंगरीची टाच जमिनीवर ठरत नव्हती. समोरची खेळत असताना आपण आपल्या खुर्चीत गप्प बसायचं, एवढाच काय तो नियम. पण बसणं ही तिला शिक्षाच होती. टाच दाबून धरली की बोटं खडूचा चौकोनी तुकडा फिरवायला लागत. बोटांना दटावलं की जीभ तोंडातल्या तोंडात एकेक दात चाचपत जाई. दात हा तिचा धंदाच. दाताच्या दवाखान्यामागच्या चिंचोळ्या खोलीत ती कवळ्या बनवायची. मेण, प्लास्टर आणि परक्या माणसांचं हसू, यांच्या संगतीत तिचा आठवडा जायचा. भिंगरी हे नाव बाबांनी ती रांगत होती तेव्हाच ठेवलेलं. आता चौतीस वर्षांची झाली, तरी ते बदलावं असं कुणाला वाटलं नव्हतं, कारण नावातलं काहीच खोटं ठरलं नव्हतं.

रविवारची सकाळ, अकरा वाजलेले. जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावरचा पूलचा हॉल. बारा टेबलं, पण आज दिवा एकाच टेबलावर. संघात चौघी जायच्या होत्या. तिघी आधीच ठरल्या होत्या आणि चौथ्या जागेसाठी या दोघी उरल्या होत्या. भिंगरी आणि नर्सबाई. जी आधी सात डाव जिंकेल ती संघात. पाच वर्षं भिंगरी या दारापर्यंत येऊन परत गेली होती. आज मात्र ती तीन-एक अशी पुढे होती.

"उडी मारून टेबल गाठणार आहेस का?" पंचाच्या खुर्चीतून गणिताचे मास्तर म्हणाले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती, तरी आवाजात अजून खडूची भुकटी होती. "पाय शांत ठेव. फळ्यांची जमीन आहे, थरथर टेबलापर्यंत जाते."

"मी कुठे हलतेय, मास्तर?"

"मग टेबलच नाचतंय म्हणायचं."

भिंतीलगतच्या बाकावर बसलेले बाबा हसले. त्यांना सगळा हॉल मिस्त्री म्हणायचा. ही बाराही टेबलं त्यांनीच सपाट करून लावली होती, गेल्या आठवड्यात, तीन दिवस खपून. उद्यापासून इथे मोठे सामने होते. समितीला खरं तर यंत्र घेऊन येणारा दुसरा कारागीर बोलवायचा होता. सत्तरीच्या माणसावर एवढं काम कशाला टाकायचं, असं म्हणणं होतं. मास्तरच आडवे आले होते. "मिस्त्रींच्या हाताला यंत्र लागत नाही," असं ते बैठकीत म्हणाले होते, आणि ते वाक्य बाबांनी घरी येऊन तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा आईनंच सांगितलं, त्यांच्याच आवाजात.

नर्सबाई टेबलावर वाकली. पंचेचाळिशीची, सावकाश चालणारी, हात कसे मऊ ते बघताच कळावं अशी. तिचा खेळही तसाच; कुठेही मारामारी नाही. चेंडूला ती सुई टोचल्यासारखी शिवायची, दुखणार नाही असं सांगून. लाल चेंडू कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी होता. तिनं पांढऱ्या चेंडूला हळूच ढकललं. तो निघाला, रमतगमत गेला, आणि शेवटच्या वीतभरात उजवीकडे झुकला. लाल चेंडू पॉकेटच्या ओठाला लागून बाहेरच राहिला.

नर्सबाईनं आपल्या हाताकडे बघितलं. उघडला, मिटला. मग खिशातल्या रुमालानं पुसला.

"आज हात माझा नाही," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, आणि खुर्चीत जाऊन बसली.

भिंगरी उठली तेव्हा तिच्या पोटात आनंदाची लाट आली होती. लाट ओसरताना मागे काहीतरी खुपणारं राहिलं. काय ते तिला कळलं नाही, कळून घ्यायला वेळही नव्हता.

*

चेंडू पॉकेटमध्ये घालणं कुणालाही येतं, असं बाबांचं म्हणणं. खरा खेळ त्या पांढऱ्या चेंडूचा. बाकीचे चेंडू एकदा पॉकेटात गेले की सुटले. त्यांना विसावा मिळतो. पांढऱ्याला विसावा नाही. एकाला पोचवायचं आणि लगेच दुसऱ्याच्या दाराशी उभं राहायचं. जगभर त्याला काय म्हणायचं ते म्हणोत, भिंगरीच्या घरी ती 'पांढरी' होती, घरातलीच कुणी असावी तशी. पांढरी कुठे गेली, पांढरी कुठे थांबली, पांढरीला आज झालंय तरी काय.

घराच्या खालच्या खोलीत, बाबांच्या कामाच्या जागेत, एक जुनं टेबल होतं. त्याच्यावर ती शिकली. मधोमध मारलं तर पांढरी जागच्या जागी थबकते. वर मारलं तर मागोमाग धावते, खाली मारलं तर ओढ लागल्यासारखी परत येते, आणि बाजूला मारलं तर कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी काठाला, लागून भलतीच वाट धरते. एवढंच तर ज्ञान. पण ते हाताला समजायला वीस वर्षं लागली होती, आणि समजलं असं वाटलं ते गेल्या वर्षी. गेल्या वर्षभरात तिचा हात उघडला, असं सगळे म्हणत. हळुवार मार, थोडीशी उजवीकडे वळणारी पांढरी, आणि नेमकी हव्या त्या जागी येऊन थांबणारी. हे वळण कुठून आलं ते तिचं तिलाही सांगता येत नसे. "आपोआप होतं," ती म्हणायची, आणि म्हणताना मान जरा ताठ व्हायची.

बाबा त्या वेळी कोपऱ्यात बसून टेबलावर चढवायचं कापड ताणत असायचे. हल्ली मात्र ते बोलायचे काहीतरी वेगळंच. पूर्वी म्हणायचे, "छान थांबली." वर्षभरात म्हणायला लागले होते, "आवाज छान होता."

आज सकाळी निघतानाही आई दाराशी कप घेऊन उभी होती.

"चहा बसून पी."

"उशीर होतोय."

"सामना दहाला, आणि आता वाजलेत साडेआठ. तू काय पायी जगप्रदक्षिणा करून जाणार आहेस?" आणि मग बाबांकडे वळून, "अहो, माझी ती सवत घेतलीत का बरोबर?"

सवत म्हणजे पाणसळ. टेबल सपाट आहे की कललंय ते बघायची पितळी पट्टी. तिच्या पोटात काचेची नळी, नळीत पाण्यासारखं काहीतरी आणि त्यात एकुलता एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की टेबल सरळ. आईनंच ती लग्नाच्या पहिल्या वर्षी आपल्या पगारातून घेऊन दिली होती, आणि मग तिच्यासाठी लोकरीची पिशवीही विणली होती. "मी विणली, मीच डोक्यावर बसवून घेतली," असं ती म्हणायची. बाबा पाणसळ पिशवीतून काढायचे ती झोपलेल्या मुलाला उचलावं तशी. भिंगरी लहान असताना ते तिला शेजारी उभं करून कामाचं गाणं म्हणायचे, कधी हातोडीच्या ठेक्यावर, कधी नुसतं ओठातल्या ओठात:

ठेवून बघ, फिरवून बघ,
दोनदा पटलं की विश्वास मग.

म्हणजे पाणसळ एकदा ठेवायची, बुडबुडा बघायचा. मग तीच पट्टी टोकांची अदलाबदल करून उलट फिरवायची आणि पुन्हा बघायचा. टेबल खरंच सरळ असेल तर दोन्ही वेळा बुडबुडा मधोमध. आणि पाणसळच खोटं बोलत असेल, तर फिरवल्यावर पकडली जाते. एका बाजूनं लपवलेलं ती दुसऱ्या बाजूनं दुप्पट ओरडून सांगते.

*

चार-एक झालं. पाच-एकही झालं.

सहाव्या डावाच्या शेवटी भिंगरीनं काळा चेंडू घातला तेव्हा बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली. बाबा म्हणाले, "आवाज छान होता." नर्सबाई चुकत होती, पण एकाच तऱ्हेनं चुकत होती, जोरात मारलेलं सगळं जात होतं आणि हळू मारलेलं शेवटी उजवीकडे ढळत होतं. दर वेळी ती आपल्याच हाताला दोष द्यायची. एकदा तर तिनं क्यूची काठी खाली ठेवून मनगट दाबून बघितलं, रोग्याचं बघावं तसं.

"रात्रपाळी होती का, सिस्टर?" मास्तरांनी विचारलं.

"नाही हो. झोपले होते छान. हातच वैरी झालाय."

भिंगरीला ते खुपणारं पुन्हा लागलं. या वेळी जरा खोल.

सातव्या डावात तिला सोपा मार आला. पिवळा चेंडू मधल्या पॉकेटसमोर, आणि पुढचा हिरवा खाली उजव्या कोपऱ्यात. रोजच्यासारखं मारलं असतं तर पांढरी वळून हिरव्याच्या दाराशी गेली असती. पण ती वाकली आणि तिनं ठरवलं की या वेळी काहीही द्यायचं नाही. ना वळण, ना फिरकी. पांढरीच्या अगदी बेंबीत, सरळ, आणि हळू.

पिवळा गेला. पांढरी त्याला शिवून पुढे सरकली. कुणी न सांगता उजवीकडे वळली आणि हिरव्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. अगदी हवी तिथे.

भिंगरी वाकलेलीच राहिली. कानशिलं तापली. हे वळण आपण दिलं नव्हतं. मग कधीतरी दिलं होतं का?

आणि तिला तो आवाज आठवला. मागच्या वर्षीची दुपार, खालची खोली. पाणसळ टेबलाच्या कडेवर ठेवलेली आणि ती क्यू घेऊन गर्रकन वळलेली. वळण्याची घाई तिला जन्माचीच. क्यूचं बूड लागलं आणि पितळ फरशीवर पडलं. ठणकन. तिनं उचलून बघितली. काच शाबूत, आतला बुडबुडाही. तिनं ती पिशवीत घातली, पिशवी खुंटीला लावली, आणि बाबा आल्यावर विचारलं, "चहा टाकू?" पुढच्याच आठवड्यात बाबांनी खालच्या टेबलाचं कापड बदललं आणि टेबल नव्यानं लावलं. त्याच पाणसळीनं. पट्टीचं घासलेलं टोक नेहमीसारखं उजव्या हाताला धरून.

त्यानंतरच तिचा हात उघडला होता.

म्हणजे घरचं टेबल उजवीकडे कललेलं. आणि ही बारा, त्याच पाणसळीनं लावलेली, तशीच कललेली. ती वर्षभर या उतारावर राहिली होती, उताराला आपली कला समजून. नर्सबाई सपाट जगातून आली होती आणि आपल्या हाताला शिव्या देत होती.

पण फिरवून बघायचं होतं ना? बाबा तर दोनदा बघतात. आजन्म दोनदा बघत आलेत.

"भिंगरी," मास्तर म्हणाले, "चेंडू मोजते आहेस की आशीर्वाद देते आहेस?"

दोन डाव. फक्त दोन डाव हवे होते. हिरवा दाराशी होता. ती काही बोलली नाही तर अर्ध्या तासात पाच वर्षांचं दार उघडणार होतं. बोलली तर टेबल तपासलं जाणार, बाबांच्या नावावर सगळ्यांदेखत ओरखडा उमटणार. आणि तो कुणामुळे, हेही सांगावं लागणार. तिनं हिरव्यावर नेम धरला. नेम सोडला. क्यूच्या टोकाला खडू लावला. लावलेल्यावर पुन्हा लावला. पायाची टाच सुरू झाली आणि तिला ती थांबवावीशी वाटेना. तिनं नर्सबाईकडे बघितलं. ती खुर्चीत सरळ बसली होती आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून ओढत होती, वळण लावत असल्यासारखी.

"मास्तर," भिंगरी म्हणाली. आवाज भलताच मोठा निघाला. "टेबल बघा. पांढरी उजवीकडे ढळतेय."

"तुझी पांढरी?"

"माझीही आणि त्यांचीही. त्यांचा हात ठीक आहे. टेबल कललंय."

 नर्सबाईच्या बोटांचं ओढणं थांबलं. बाकावर बाबा उठून उभे राहिले होते.

"माझं टेबल?" ते म्हणाले. रागानं नाही. एखाद्यानं घरातल्या माणसाबद्दल विचारावं तसं. "बघू या की. बघायला काय जातंय."

*

ते पिशवी घेऊन टेबलाशी आले. पिशवीतून पाणसळ काढताना त्यांचे हात स्थिर होते. टेबलाच्या माथ्याशी उभं राहून, घासलेलं टोक उजवीकडे, त्यांनी ती आडवी ठेवली. मास्तर खुर्चीतून उतरले. नर्सबाई आली. चौघंही वाकले. वरचा दिवा पितळेवर पडून लखलखत होता.

बुडबुडा मधोमध होता.

"हं," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. "मधोमध आहे. भिंगरी, आता बोल."

तिला वाटलं, इथंच थांबावं. मधोमध आहे, सगळ्यांनी बघितलं. जीभ दातांवरून फिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"बाबा, फिरवा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग पाणसळ उचलली, टोकांची अदलाबदल केली आणि पुन्हा कापडावर टेकवली. बुडबुडा निघाला. घाबरून पळाल्यासारखा एका बाजूला गेला आणि रेघ ओलांडून टोकाला जाऊन चिकटला. मास्तरांनी डोळे बारीक केले. नर्सबाईनं श्वास आत घेतला.

बाबा वाकून बघत होते. दिव्याखाली, पितळेच्या लखलखाटात, नाक जवळजवळ काचेला लावून. मग ते सरळ झाले.

"मधोमध," ते म्हणाले.

 बुडबुडा टोकाला होता. शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. त्यांना जे आठवत होतं तेच ते सांगत होते. चाळीस वर्षं फिरवल्यावर तो मधोमधच असायचा.

भिंगरीच्या डोक्यात वर्षभराचा 'आवाज छान होता' एकदम वाजला.

नर्सबाई आधी बोलली. "काका, या दिव्यानं काच नुसती चमकतेय. मलाही धड दिसत नाहीये." तिनं हात लांब करून पाणसळीवर सावली धरली. "आता बघा सावकाश."

बाबा पुन्हा वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. सावलीत त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण उठले तेव्हा त्यांचे खांदे खाली आले होते.

"खिडकीशी बरं दिसतं," ते हळू म्हणाले. "दिवसा, दिवे बंद असताना. पण एकदा बघायलाच इतका वेळ लागतो की..." ते थांबले. "दुसऱ्यांदा बघणं सोडलं होतं मी. म्हटलं, पाणसळ तर आपलीच आहे. ती कशाला फसवेल?"

"तिनं नाही फसवलं." भिंगरीनं टेबलाची कड धरली. "माझ्या हातून पडली होती. मागच्या वर्षी, फरशीवर. मी सांगितलं नाही."

"पडली होती?"

"हो."

"कुठे लागलं का तिला?"

या प्रश्नावर मास्तरांना खोकला आला. भिंगरीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. दोन्ही आवरताना नाक तेवढं लाल झालं.

"वस्तू आहे, पडणारच," बाबा म्हणाले. "फिरवून बघायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही. मास्तर, लिहा तुमच्या कागदावर."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कागद उद्याचा उद्या बघू. आज टेबल सरळ होणार आहे का?"

"हात आहेत की माझे," बाबा म्हणाले. आणि मग, कुणाकडेही न बघता, "डोळे कुणाचे तरी लागतील."

भिंगरी त्यांच्या शेजारी जाऊन वाकली. गुडघे टेकून बाबा टेबलाखाली शिरले. तिथे त्यांना डोळ्यांची गरज नव्हती; प्रत्येक पाय, प्रत्येक पेच बोटांना पाठ होता. खालून त्यांचा आवाज आला, "सांग."

"टोकाला आहे. तुमच्या उजव्या हाताची बाजू उचला. अर्धा आटा."

"दुप्पट दिसतोय, लक्षात ठेव. त्याच्या अर्ध्यावर आला की थांबव."

"आणखी पाव. थांबा. थांबा! आता मी पाणसळ फिरवते."

"किती?"

"केसभर डावीकडे."

"तुझ्या केसाचा की माझ्या? माझा आता उरलाच नाही."

असं वीस मिनिटं चाललं. ठेवून बघ, फिरवून बघ. खोट्या पाणसळीलाही दोनदा विचारलं की खरं सांगावं लागतं. शेवटी बुडबुडा या बाजूला जेवढा सरकला, फिरवल्यावर त्या बाजूलाही तेवढाच सरकला. टेबल सरळ झालं होतं.

"झालेले डाव झाले," मास्तर म्हणाले. "पाच-एक. नियमात कललेल्या टेबलासाठी कलम नाही."

"मला शून्यापासूनही चालेल," भिंगरी म्हणाली.

"मला नाही चालणार," नर्सबाईनं क्यू उचलला. तिच्या चालण्यात पहिल्यांदाच घाई दिसली. "मी दान घ्यायला आले नाहीये. हात परत मिळाला, तेवढा पुरे. खेळ तू."

*

सरळ टेबलावर भिंगरी परकी झाली. हिरवा गेला, पण पांढरी जिथे वळायची तिथे वळलीच नाही; शहाण्यासारखी नाकासमोर चालत गेली आणि कुशनला चिकटून बसली. भिंगरी उजवीकडचं वळण जमेत धरून मारी, आणि वळण नसे. मग ती आपण होऊन वळण द्यायला जाई, आणि ते जास्त होई. वर्षभराची सवय मनगटात ठाण मांडून बसली होती. तिला ऊठ म्हटलं तरी उठेना. इकडे नर्सबाईच्या हाताखाली चेंडू आपल्या पायांनी पॉकेटात उतरत होते. पाच-दोन. पाच-तीन. पाच-पाच.

मग एक डाव भिंगरीनं निव्वळ हट्टानं घेतला, सगळं जोरात मारून. सहा-पाच. बाकावर बाबा पुढे सरकून बसले, कान टेबलाकडे करून. नर्सबाईनं पुढचा घेतला. सहा-सहा.

शेवटच्या डावात दोनच चेंडू उरले होते, भिंगरीचा निळा आणि सर्वांचा काळा. निळा सोपा होता. काळा वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ. निळा घालायचा आणि पांढरीला एका कुशनवरून परत आणून टेबलाच्या मध्यावर थांबवायचं, म्हणजे संघातली जागा. ती वाकली. टाच शांत होती. ते तिला स्वतःलाच नंतर आठवलं. मार हळू हवा होता. हळू मारलं की आता पांढरी वळणार नाही, हे तिला डोक्यानं ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. शेवटच्या क्षणी हातानं थोडं डावीकडचं दिलं, नसलेल्या उताराला उत्तर म्हणून.

निळा गेला. पांढरी कुशनला लागली, परत फिरली, आली, मध्यावर थांबेल असं वाटलं. पण थांबली नाही. आणखी चार बोटं चालत राहिली आणि डाव्या कडेला, अवघड जागी जाऊन टेकली. तिथून काळा जाणं कठीणच होतं, आणि तो गेलाही नाही. नर्सबाईनं उठून एकाच हळुवार मारात तो घातला. शेवटच्या वीतभरात चेंडू जराही ढळला नाही.

टाळ्या झाल्या. मास्तरांनी कागदावर लिहिलं. नर्सबाईनं भिंगरीचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही.

"मंगळवारी त्यांना घेऊन ये. नऊच्या आत. डोळ्यांच्या विभागात माझी मैत्रीण आहे. मोतीबिंदू असेल तर काढता येतो, एवढा अंधार कशाला सोसायचा?" मग आवाज खाली आणून, "आणि पुढच्या वर्षी मी असं सहज सोडणार नाही तुला. समजलीस?"

"यंदा कुठे सोडलात?" भिंगरी म्हणाली.

बाकाशी आली तेव्हा बाबा तसेच बसले होते, पाणसळीची पिशवी मांडीवर.

"शेवटची पांढरी," ते म्हणाले. "कुशनला लागली तोवर आवाज छान होता. पुढे काय झालं? कुठे थांबली?"

तिला वाटलं होतं ते विचारतील, हरलीस का. ती त्यांच्या शेजारी टेकली आणि तिनं त्यांच्या तळहातावर बोट ठेवलं.

"हे टेबल समजा. इथून निघाली. इथे निळ्याला शिवली. इथे कुशन." बोट वळलं. "परत आली, इथपर्यंत बरोबर. इथे थांबायची होती."

"आणि?"

"इथे गेली." बोट करंगळीच्या मुळाशी थांबलं. "सरळच गेली, बाबा. मीच वाकडं सांगितलं तिला."

बाबांनी मूठ मिटली, तिचं बोट आत ठेवून. थोडा वेळ तशीच ठेवली.

"घरचं टेबलही लावायला हवं," ते म्हणाले.

"हो."

"आणि ही अकरा आज. उद्या सामने आहेत." ते उठले. "चल. दोन नंबरचं. खिडकीचा पडदा बाजूला कर, दिवा नको."

ते दुसऱ्या टेबलाखाली शिरले. भिंगरीनं पाणसळ कापडावर ठेवली आणि वाकली. खिडकीच्या उजेडात बुडबुडा स्वच्छ दिसत होता, पण एका जागी राहत नव्हता. इकडे जाई, तिकडे जाई, बारीक थरथरत.

"सांग," खालून आवाज आला. "कुठे थांबलाय?"

"थांबतच नाहीये, बाबा."

"टाच," खालचा आवाज म्हणाला. "तुझी टाच बंद कर."

तिनं खाली बघितलं. मग दोन्ही पाय फळ्यांवर घट्ट रोवले, श्वास धरला, आणि बुडबुडा कुठे जातो ते बघत राहिली.